सातवा नमुना

"तीन हजार आठशे बारा रेकॉर्ड्स," असं ती म्हणाली, आणि माझ्या मानेमागे, केसांच्या मुळाशी, कोणीतरी बर्फाचा खडा टेकवल्यासारखं झालं. समोर बसलेली मुलगी ही सकाळपासूनची पाचवी उमेदवार होती. पदवी नुकती हाती आलेली, बाहीवरची इस्त्रीची घडी अजून उभी, हातांची बोटं मांडीवर एकमेकांत अडकवलेली. मी यादीतला नेहमीचा प्रश्न विचारला होता : कामात तुमच्या हातून झालेली एखादी मोठी चूक सांगा. तिने एक श्वास घेतला, खिडकीच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहिलं, आठवल्यासारखं केलं आणि सांगू लागली. एका लहान कंपनीत ती ट्रेनी होती. डोळ्यांच्या दवाखान्यांमधल्या रुग्णांच्या अपॉइंटमेंट्स तिथे सांभाळत. एका शनिवारी दुपारी दोन खिडक्या उघड्या होत्या, एक चाचणीची आणि एक लाइव्ह, म्हणजे खऱ्या रुग्णांच्या डेटाची. चाचणीचा डेटा पुसायचा म्हणून तिने डिलीटची कमांड दिली, ती लाइव्हवर गेली, आणि बोट उचलायच्या आत तीन हजार आठशे बारा रेकॉर्ड्स नाहीसे झाले. "मी घाबरले, पण लपवलं नाही. पाच मिनिटांत मॅनेजरना सांगितलं. बॅकअपवरून सगळं परत आणलं. आणि पुन्हा कोणाच्या हातून असं होऊ नये म्हणून लाइव्हच्या खिडकीला लाल चौकट घालून ठेवली." या शेवटच्या वाक्यानंतर किंचित हसायचं असतं, आणि ती किंचित हसली. ते हसू कुठे येतं, किती वेळ ठेवायचं असतं, हे मला ठाऊक होतं. कारण ती चूक माझी होती.

पहिला संशय आला तो तिचा नव्हे, या खोलीचा. काचेच्या तीन भिंती, चौथीवर घड्याळ, छताला धूर हुंगणारी एक पांढरी डबी. तीही त्या क्षणी माझ्याकडे पाहते आहे असं वाटलं. सात वर्षांपूर्वी याच इमारतीत, दोन मजले खाली, अशाच खोलीत, मी याच प्रश्नाला हेच उत्तर दिलं होतं. ते कोणीतरी टिपून घेतलं होतं आणि तो कागद माझ्या फायलीत आजही पडून आहे. मग आज हे उत्तर माझ्यासमोर आणून बसवलं कोणी? सहा महिन्यांपासून वरच्या मजल्यावर मोठ्या हुद्द्यासाठी माझ्या नावाची चर्चा चालली आहे. इथे बढतीआधी माणसाला हलकेच ठोकून पाहतात, मडकं विकत घेताना बोटाने वाजवतात तसं. ही मुलगी म्हणजे ते बोट असेल का? मी तिच्या रिझ्युमेवर मान खाली घातली आणि वाचत असल्याचं दाखवलं. कागद सांगत होता ते साधं होतं : एका शाळेत दोन महिन्यांचं कंत्राटी काम, एक प्रमाणपत्र, आणखी एक प्रमाणपत्र. डोळ्यांचे दवाखाने कुठेच नव्हते.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना आहे : खोटी माहिती दिली आहे का? तिथे खूण केली की उमेदवाराचं नाव आमच्या सगळ्या शाखांच्या यादीत जातं आणि पाच वर्षं तिथून निघत नाही. आमची टीम दवाखान्यांचा डेटा सांभाळते. खोटं बोलणाऱ्याच्या हातात तो द्यायचा नाही हा नियम मीच एका बैठकीत आग्रहाने करून घेतला होता. पाच वाजेपर्यंत फॉर्म द्यायचा होता. घड्याळात सव्वातीन झाले होते. ही तिची नववी मुलाखत, असं तिने बसल्या बसल्या, न विचारता सांगितलं होतं. खूण करायला मला अर्धा सेकंद पुरला असता. फक्त खुणेपुढे कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायचं तर हे खोटं आहे हे मला कसं कळलं ते लिहावं लागलं असतं.

"दुपारी किती वाजता झालं हे?" मी विचारलं.

"साधारण अडीच, मॅडम."

"त्या वेळी खोलीत कोण होतं?"

हा प्रश्न यादीत नव्हता. तिची नजर खिडकीच्या कोपऱ्यावरून निसटली आणि टेबलावर, पाण्याच्या ग्लासापाशी येऊन थांबली. पाठ केलेल्या रस्त्यावरून ती उतरली हे मला दिसलं. आता पडेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर पडावी असंच वाटलं.

"एक काका होते," ती म्हणाली.

"काका?"

"म्हणजे… बॅकअप बघणारे. वयस्कर. त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं. म्हणाले, तू हो बाजूला."

मी पेन टेबलावर ठेवलं. दहा मिनिटांची सुट्टी घेऊ या, असं काहीसं पुटपुटले आणि उठले, कारण माझ्या आत, कित्येक वर्षं न उघडलेल्या एका खोलीत, कोणीतरी दिवा लावला होता, आणि त्या उजेडात तो माणूस बसलेला होता. कोपराला ठिगळ लावलेला, राखाडी रंगाचा स्वेटर. एसीचा झोत नेमका त्यांच्या डोक्यावर येई म्हणून भर उन्हाळ्यातही ते तो घालत. बॅकअपच्या डिस्कवर तारीख लिहिताना जीभ किंचित बाहेर काढत, शाळेतल्या मुलासारखी. त्या शनिवारी माझ्या तोंडून आवाज फुटला नव्हता. फक्त हात कीबोर्डवरून वर उचलले गेले आणि तसेच अधांतरी राहिले. ते पलीकडून उठून आले, स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ऊठ बाळ," म्हणाले. "हात धुऊन ये." माझे हात स्वच्छ होते. तरी मी गेले आणि नळाखाली हात धरून उभी राहिले, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत उतरेस्तोवर. परत आले तेव्हा माझ्या खुर्चीत ते बसलेले होते, आणि दारात मॅनेजर उभा होता, आणि मॅनेजर त्यांना म्हणत होता, "या वयात झेपत नसेल तर सांगा हो स्पष्ट." ते स्क्रीनकडे पाहत म्हणाले, "झालं खरं माझ्याकडून. तासाभरात सगळं परत येईल." माझ्या बोटांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. त्या ठिबकण्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी एक वाक्य बोलायचं होतं. सोमवारी त्यांना खाली स्टोअरमध्ये बसवलं. तिथे ते खोकी मोजत. तीन आठवड्यांनी माझं ट्रेनिंग संपलं आणि प्रमाणपत्र हातात घेऊन मी मागच्या जिन्याने बाहेर पडले, कारण पुढच्या जिन्याला लागून स्टोअर होतं.

हे त्या मुलीला कोणी सांगितलं? व्हरांड्यातल्या चहाच्या मशीनपाशी उभी राहून मी तिच्याकडे काचेतून पाहत होते. ही त्यांची मुलगी असेल का? वय जुळत नव्हतं. मग नात असेल. मी तिच्या कानांची ठेवण पाहिली, कपाळ पाहिलं, आणि मला धडधडीत साम्य दिसू लागलं, जसं ढगात ठरवलं की काहीही दिसतं. त्यांनी घरी सांगितलं असेल. एवढी वर्षं घरातल्या घरात माझी गोष्ट सांगितली गेली असेल, आणि ही मुलगी ती ऐकत मोठी झाली असेल, आणि आज माझ्यासमोर येऊन तिने ती माझ्याच शब्दांत माझ्या तोंडावर फेकली असेल. ती मात्र ग्लासाकडे पाहत होती. पाणी प्यावं की न प्यावं, याचंही काही उत्तर असतं की काय, अशा चेहऱ्याने.

"काय गं, लागला का मासा गळाला?" एचआरवाली कप घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या बोलण्यात नेहमी एक ढुशी असते. "सकाळपासून चार परत पाठवलेस. आता ही पण नको म्हणालीस तर मला रस्त्यावरून धरून आणावी लागतील माणसं."

"बघते."

"बघ बघ. तुझी नजर बाई कस्टमवाल्यासारखी. परवा कोणीतरी म्हणत होतं, हिच्यासमोर खरं बोलायचीसुद्धा भीती वाटते." ती हसली. कोण म्हणत होतं, हे तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. पण तो 'कोणीतरी' माझ्या मागोमाग जिन्यापर्यंत आला.

जिन्यात उभी राहून मी होकायंत्राला फोन लावला. आम्ही सगळे त्याला होकायंत्र म्हणायचो. कॉलेज संपलेल्या आणि नोकरी न लागलेल्या मुलांना तो दिशा दाखवायचा, आणि कसंही फिरवलं तरी त्याची सुई एकाच बाजूला वळायची. एका झेरॉक्सच्या दुकानावरची त्याची खोली, भिंतीवर नोकरी लागलेल्यांचे फोटो, खाली पडद्याआड पाळीची वाट बघणारे आम्ही. यंत्रं दुरुस्त करायला आवडतात म्हणणाऱ्याला तो सांगे, स्क्रूड्रायव्हर धरणाऱ्याला कुत्रं विचारत नाही, नेटवर्क सोड, डेटा धर. पुढच्या वर्षी सुई फिरली की म्हणे, डेटा आता भरला, क्लाउड धर. माझी चूक त्याला सांगितली तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता. "छान. फार छान. असल्या चुका मिळत नाहीत हो." मग त्याने ती कापायला घेतली. कबुली मॅनेजरला तुम्ही द्यायची. लाल चौकट तुम्ही घालायची. किती रेकॉर्ड्स गेले, आठवत नाही? मग तीन हजार आठशे बारा म्हणा. गोल आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. "आणि ते म्हातारे गृहस्थ काढून टाका. ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, नोकरी यांना द्यायची की त्यांना. आणि एक लक्षात ठेवा : सुटलेलीच, म्हणजे निस्तरलेलीच चूक सांगायची. न सुटलेली चूक जगात कोणाला सांगायची नाही, आईलासुद्धा नाही." मी ते लिहून घेतलं होतं. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"सातवा नमुना?" माझं बोलणं अर्ध्यावर तोडत तो म्हणाला. आवाज जाड झाला होता, मागे कोणीतरी हजेरी घेत होतं. "डोळ्यांचे दवाखाने. हां, आपल्या उत्तरांच्या झेरॉक्समधला. फार चालतो तो. तीनशेच्या वर मुलं लागलीत त्यावर. तुम्ही कुठल्या बॅचच्या?"

"ती माझी चूक आहे," मी म्हणाले. "मी तुम्हाला विश्वासाने सांगितली होती."

तो मोकळेपणाने हसला. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, आणि तेच भयंकर होतं. "अहो मॅडम, असं म्हणणाऱ्या तुम्ही चौथ्या. मागच्याच महिन्यात एक जण भांडायला आले होते. डोळ्यांत पाणी हो त्यांच्या! सांगून सांगून माणसाला आपलंच वाटायला लागतं. त्याला मी तरी काय करू? तेच तर चांगल्या नमुन्याचं लक्षण. तुमच्याकडे जागा निघाल्यात का काही?"

फोन बंद झाल्यावरही मी तो कानाशी धरून उभी होते. चौथ्या. जिन्याच्या कठड्याचं लोखंड हाताला थंड लागत होतं आणि मला त्या थंडीचीही खात्री वाटेना. जर ते सगळे शपथेवर सांगतात, तर माझी शपथ त्यांच्याहून जड का? स्वेटरचं ठिगळ मला आता, अर्ध्या तासापूर्वी, आठवलं. म्हणजे तिने 'काका' म्हटल्यावर. त्याआधी किती वर्षं ते कुठे होतं? कदाचित मीच ते आत्ता शिवलं असेल. अकरा ठिकाणी मी ही गोष्ट सांगितली आहे. पहिल्या तीन वेळा त्यांना वगळताना वाक्य अडखळायचं, चौथ्या वेळी अडखळलं नाही, आणि नंतर वगळण्यासारखं काही उरलंच नाही. आता ठिबकणारं पाणी तरी माझं आहे का? की तेही कुठल्यातरी झेरॉक्सवर आठव्या, नवव्या क्रमांकाला छापलेलं आहे, आणि दुसऱ्या कुठल्या इमारतीच्या जिन्यात कोणी दुसरी बाई आपल्या ओल्या हातांकडे पाहत उभी आहे?

दादाला फोन केला. तो कारखान्यात लेथवर असतो. दुपारी फोन उचलत नाही, पण उचलला.

"बोल बयो, कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. दादा, एक आठव. मी ट्रेनी होते ना, दवाखान्यांच्या कंपनीत. एकदा काही झालं होतं का? मी घरी काही बोलले होते का?"

"थांब, मशीन बंद करतो." घरघर ओसरत गेली. "काय झालं म्हणजे? तू डिलीट मारलंस ते?"

मी जिन्यावर बसले.

"भरल्या ताटावरून उठलीस की त्या दिवशी. आई म्हणाली, पोरीला दृष्ट लागली. मी मागच्या दाराशी आलो तर तू हात हुंगत बसलेलीस. म्हणालीस, माझ्यामुळे एका म्हाताऱ्या माणसानं बोलणी खाल्ली. मी म्हटलं, अगं मग सोमवारी जाऊन सांग की साहेबाला. तू म्हणालीस, हो, सांगते." तो थांबला. "सांगितलंस ना?"

पलीकडे कोणीतरी लोखंडावर लोखंड टाकलं.

"मी काय पुन्हा विचारलं नाही. म्हटलं, सांगितलं असेल." त्याचा आवाज जरा उतरला, मग त्यानेच तो सावरला. "आमचं बरं असतं बघ. वाकडा कापलेला तुकडा समोर पडलेला असतो, उचलून बघणारा कोणीही बघतो. तुमचं सगळं हवेत. जेवलीस का?"

"जेवले."

"खोटं. बरं, ठेव. जॉब लावलाय मशीनला."

म्हणजे घडलं होतं. जमीन परत पायाखाली आली, पण ती ज्या आकाराची आली तो आकार मला नको होता. इतका वेळ मी एका चोरीचा माग काढत होते, आणि चोरी तर निघाली, पण चोरलेली वस्तूच खोटी होती; खरी मी स्वतः कधीच फेकून दिली होती. व्हरांड्यातून परत येताना मला काचेतली माझी चाल दिसली. सात वर्षांत ही चाल मी कमावली. माझ्या हाताखालच्या कोणीही मला न सुटलेली चूक कधी आणून दाखवली नव्हती; सगळे सुटलेल्या चुका आणतात, धुतलेल्या, पुसलेल्या, लाल चौकट घातलेल्या, आणि मी त्यावर सही करते. याला मी शिस्त म्हणत आले होते. 'हिच्यासमोर खरं बोलायची भीती वाटते' : ते कोण म्हणालं असेल, याचा विचार मी सोडून दिला. कोणीही म्हणालं असेल. सगळेच म्हणत असतील.

मी खोलीत शिरले तेव्हा ती उभी राहिली. चार वाजायला दहा मिनिटं होती.

"बसा. हा सातवा नमुना ना?"

तिच्या चेहऱ्यावरून रंग असा उतरला की मलाच ग्लास तिच्यापुढे सरकवावा लागला. ती नाही म्हणाली नाही. खाली पाहून तिने नुसती मान हलवली, आणि पर्स जवळ ओढली, निघायच्या तयारीने.

"थांबा. नमुन्यात काका नाहीत. ते कुठून आणलेत?"

"मॅडम, सॉरी. मी…"

"सॉरी राहू दे. ते कोण आहेत? तुमच्या नात्यातले आहेत?"

"कोणीच नाहीत." तिला माझा प्रश्न खरोखरच कळला नव्हता, त्या न कळण्यात काही लपवलेलं असेल का म्हणून मी शोधलं, आणि मला काही सापडलं नाही. "म्हणजे, नमुना पाठ करतानाच मला ते खटकायचं. ती मुलगी ट्रेनी आहे ना? मग तिच्याकडे लाइव्हचा बॅकअप उघडायचा पासवर्ड कसा? ट्रेनीला कोण देईल? तिथे कोणीतरी मोठं असणारच, ज्याच्याकडे तो असेल. नमुना देणाऱ्या सरांना मी विचारलं तर म्हणाले, इतकं कोणी बघत नाही. पण तुम्ही विचारलंत, खोलीत कोण होतं, तर… असणारच की मॅडम कोणीतरी. एकटीनं कसं होईल ते?"

अकरा मुलाखती. समोर बसलेली तीन-तीन, चार-चार अनुभवी माणसं, माना डोलावणारी, टिपून घेणारी. त्यानंतर मी स्वतः, दुसऱ्यांच्या उत्तरातली भोकं शोधण्यासाठी पगार घेणारी. कोणालाही ते दिसलं नव्हतं. आणि ही मुलगी, जिचं त्या गोष्टीत काहीही नव्हतं, तिने अंधारात हात घालून तो माणूस जिथे होता तिथेच, त्याच खुर्चीत, बोटांनी चाचपून काढला होता. मला तिचा राग आला. मग कळलं की तो राग नव्हता.

"आता तुझी सांग," मी म्हणाले. 'तू' म्हटलं गेलं ते दोघींच्याही उशिरा लक्षात आलं. "तुझी स्वतःची चूक."

काचेपलीकडून दोघं जण हसत गेले.

"ती अजून सुटलेली नाहीये."

"चालेल."

"शाळेचं काम होतं ना, रिझ्युमेत आहे ते. मुलांची हेल्थ कार्डं कागदावरून कॉम्प्युटरवर घ्यायची होती. पहिलीत जुळी भावंडं होती. जन्मतारीख एक, पत्ता एक, आईवडील एक. मी डुप्लिकेट काढायची स्क्रिप्ट चालवली…" तिने ओठ आवळले. "स्क्रिप्टने दोघांचं एक कार्ड केलं. एकाला एका औषधाची ॲलर्जी आहे. ते लाल शाईत लिहिलेलं होतं, मला अजून दिसतं ते अक्षर. एक कार्ड उरलं, त्यात ते नाहीये. काम संपून महिना झाल्यावर, घरी अशीच बसले असताना मला एकदम कळलं."

"मग?"

"सरांना विचारलं. ते म्हणाले, काम सुपूर्द झालंय, सही झालीय. आता फोन करणं म्हणजे आपल्या पायावर आपणच धोंडा. अनुभवाचं पत्र अजून शाळेकडून यायचंय. म्हणाले, शाळेत कागद असतीलच की." ती माझ्याकडे पाहू लागली, आणि तिच्या डोळ्यांत उमेदवार असं काही उरलेलं नव्हतं. "पाच महिने झाले, मॅडम. रोज वाटतं, आज करू. कागद असतील ना हो?"

असतील. किंवा रद्दीत गेले असतील. कॉम्प्युटरवर आल्यावर कागद कोण ठेवतं? हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून तर तिने मला विचारलं होतं. आणि लगेच, माझ्याही नकळत, आतला तो कस्टमवाला जागा झाला : हा कुठला नमुना? दहावा? बारावा? न सुटलेली चूक सांगून समोरच्याला विरघळवायचं, असंही होकायंत्राने आता काढलं असेल. सुई फिरली असेल. जुळी मुलं, लाल शाई. फार नीट बसत होतं सगळं.

"शाळा किती वाजता सुटते?"

"साडेचारला ऑफिस बंद होतं."

"मग लाव फोन."

"आत्ता?"

"आत्ता."

तिने फोन काढला. यादीत शोधला नाही. आकडे एकेक करून दाबले. पाच महिने न लावलेला नंबर तिला तोंडपाठ होता. किंवा मग तो नंबर कुठलाच नव्हता, आणि पलीकडे तिची मैत्रीण होती, किंवा कोणीच नव्हतं. 'स्पीकरवर टाक,' एवढंच मला म्हणायचं होतं. हात पुढे केला असता तर तिने तो मुकाट्याने दिलाही असता. तिचा अंगठा शेवटच्या आकड्यावर थांबला आणि तिने माझ्याकडे पाहिलं, परवानगीसाठी की माझ्या चेहऱ्यावरचा परिणाम पाहण्यासाठी, ते मला ठरवता येईना. आणि एवढं मात्र स्पष्ट कळलं की मी इथे बसले आहे तोवर ते कधीच ठरणार नाही. मी समोर असेपर्यंत ती जे बोलेल ते मला सांगितलेलं असेल. त्या दोन मुलांसाठी बोलायचं तर या खोलीत ऐकणारं कोणी असता कामा नये.

मी फॉर्म उचलला, बाहेर आले, आणि दार ओढून घेतलं.

व्हरांड्यात टेबल नव्हतं. कागद भिंतीवर धरून लिहावं लागलं. भिंतीच्या खरखरीतपणाने अक्षरं थरथरल्यासारखी उमटत होती. शिफारस : घ्यावे. कारण : उत्तरातली चूक हिने स्वतः शोधली, जी आमच्यापैकी कोणालाही दिसली नव्हती. मग तळाचा रकाना. खोटी माहिती दिली आहे का? हो, असं मी लिहिलं. सांगितलेली घटना उमेदवाराची नाही, माझी आहे. सात वर्षांपूर्वी या कंपनीत मी ती सांगितली तेव्हा तीही खोटी होती. चूक मी केली, दोष दुसऱ्या माणसाने घेतला, आणि मी गप्प बसले. ते उत्तर माझ्या फायलीत आहे, ते यासोबत वाचावं. जागा पुरली नाही. कागद उलटून मी त्या माणसाविषयी लिहू लागले, जेवढं आठवत होतं तेवढं सगळं, क्रम न लावता.

"झालं का गं?" एचआरवाली लांबूनच हात पुढे करून येत होती. "हो की नाही, एवढंच सांग, बाकीचं मी भरते."

"वाचावं लागेल," मी म्हणाले. तिने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग तो उलटून पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावरची ती नेहमीची ढुशी हळूहळू मावळत गेली.

तिच्या खांद्यावरून मला काचेच्या आतलं दिसत होतं. मुलगी उभी राहिली होती, पाठ माझ्याकडे. आवाज येत नव्हता. ती बोलत होती, थांबत होती, पुन्हा पहिल्यापासून सांगत असावी, कारण पलीकडच्याला कळत नव्हतं. ती कपाळावर हात मारून घेत होती, वाकत होती. मग तिने फोन मानेत दाबून धरला, मोकळा झालेला हात वर केला, आणि रिकाम्या भिंतीला दोन बोटं दाखवली. ती जवळ आणली, आणि एकमेकांपासून लांब नेली. दोन. वेगळे. पुन्हा एकदा, दोन.